तिळाभोवतीचा इसब

अंगावरचा जुना तीळ एकाएकी खाजू लागला, त्याच्याभोवती कडं उमटलं आणि पापुद्रे सुटू लागले, की मनात पहिल्यांदा कॅन्सरच येतो. काही जण त्या धास्तीने रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी तीळ कापून घ्यायला निघतात. काही जण घरात पडलेली कुठलीतरी खाजेची ट्यूब चोळतात आणि दोन दिवसांत आराम पडला की विसरून जातात. एक घाबरलेला, दुसरा बेफिकीर, पण चूक दोघांची सारखीच आहे. तीळ आणि त्याच्याभोवतीचा इसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. इसबाचा विचार इसब म्हणून करावा लागतो आणि तिळाचा तीळ म्हणून. तोही इसब ओसरल्यावर, स्वच्छ उजेडात. या विषयावर गेल्या पन्नासेक वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यातून मला पटलेलं सार एवढंच आहे.

या अवस्थेला त्वचारोगतज्ज्ञ ‘मायरसन फिनॉमिनन’ म्हणतात. १९७१ साली अमेरिकेतल्या ‘आर्काइव्हज ऑफ डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात मायरसन या डॉक्टरांनी दोन पुरुष रुग्णांची हकिगत छापली. दोघांच्या धडावर आणि दंडांवर बरेच तीळ होते, आणि त्यांतल्या काहींभोवती खाजरी, पापुद्र्यांची वर्तुळं उठली होती. स्टिरॉइडचं मलम लावल्यावर वर्तुळं गेली, तीळ होते तसेच राहिले. पुढच्या दशकांत अशाच नोंदी येत गेल्या. बहुतेक नोंदी एकेका रुग्णाच्या किंवा चार-सहा जणांच्या आहेत. मोठ्या लोकसंख्येची पाहणी करून काढलेले आकडे या विषयात मिळत नाहीत, म्हणून ‘इतक्या टक्के लोकांना होतं’ असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. नोंदींमधून साधारण चित्र मात्र दिसतं: रुग्ण बहुधा तरुण, पुरुष अधिक, जागा म्हणजे पाठ, छाती, पोट, दंड. कधी एकच तीळ, कधी एकाच वेळी अनेक. काही आठवडे ते काही महिने टिकून बऱ्याच जणांत आपोआप ओसरतं.

पाश्चात्त्य पुस्तकांतले फोटो गोऱ्या कातडीचे असतात आणि त्यांत ठळक गुलाबी कडं दिसतं. आपल्या सावळ्या कातडीवर ते तसं दिसत नाही. तिथे लालीऐवजी जांभळट किंवा गडद तपकिरी छटा येते आणि पाहणाऱ्याला वाटतं, तीळच पसरला. आपल्याकडे भीती वाढते ती बऱ्याचदा इथेच. रंगापेक्षा बोटाने कळणारी लक्षणं जास्त भरवशाची: कडेची कातडी खरखरीत लागते, कोंड्यासारखे पापुद्रे निघतात, कधी लस येऊन पिवळसर खपली धरते, आणि खाज असते. इसब गेल्यावरही तिथे काही महिने काळसर डाग उरतो. तो डाग म्हणजे आजार शिल्लक आहे असं नाही. सावळ्या कातडीवर कुठलाही दाह गेल्यावर मागे उरणारा तो रंग आहे.

तिळाभोवती कडं उमटण्याचा दुसरा एक प्रकार याच्याही आधीपासून माहीत होता. १९१६ साली रिचर्ड सटन या अमेरिकन डॉक्टरांनी तिळाभोवती उठणाऱ्या पांढऱ्या वर्तुळाचं वर्णन केलं. तिथे खाज नसते, पापुद्रे नसतात. तिळाभोवतीचा रंग उडतो आणि हळूहळू तीळही विरत जातो. शरीरातल्या संरक्षक पेशी रंगपेशींवरच चाल करून जातात, आणि कोडाशी या प्रकाराचं नातं आहे. मायरसनच्या प्रकारात तिळाच्या पेशींना धक्का लागत नाही. दोन्ही ठिकाणी कडं आहे, दोन्ही ठिकाणी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जमतात, पण जमणाऱ्या पेशी वेगळ्या असतात: सटनच्या तिळात सीडी-८ जातीच्या, थेट मारा करणाऱ्या, तर मायरसनच्या तिळात प्रामुख्याने सीडी-४ जातीच्या. आधी इसब उठला आणि नंतर त्याच तिळाभोवती पांढरं कडं आलं, असेही काही रुग्ण नोंदले गेले आहेत. म्हणजे या दोन प्रकारांमधली भिंत पुस्तकात दिसते तितकी पक्की नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली मायरसनचा तीळ पाहिला, तर दोन चित्रं एकावर एक ठेवल्यासारखी दिसतात. खाली साधा, नेहमीचा तीळ. वर बाह्यत्वचेत इसब: पेशींच्या मधल्या फटींत पाणी शिरून थर स्पंजासारखा फुगलेला, वरचा थर घाईने तयार झालेला आणि म्हणून पापुद्रे धरणारा, रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट आणि त्यांच्यात मिसळलेल्या इओसिनोफिल पेशी. हाताला साबणाचा इसब होतो किंवा नकली कानातल्यांनी पाळी चिघळते, तेव्हाही असंच चित्र दिसतं. मग इसब नेमका तिळाभोवतीच का? पाठीवर तीस तीळ असताना त्यांतल्या तीनच तिळांभोवती का?

याचं उत्तर अजून अर्धवट आहे. बाह्यत्वचेच्या पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारा आयकॅम-१ नावाचा रेणू या जागी वाढलेला आढळला, हा एक धागा. तिळाच्या पेशी आसपास काही रसायनं सोडत असतील आणि त्यामुळे तेवढी जागा जास्त संवेदनशील होत असेल, ही एक कल्पना. इटलीतल्या रुओक्को यांनी मांडलेल्या विचारानुसार कातडीचा एखादा भाग आधीच बदललेला असेल, तर तिथली संरक्षण यंत्रणा शेजारच्या कातडीपेक्षा वेगळी वागते आणि नवे आजार त्या भागात शिरकाव करतात. ही मांडणी मला पटते, कारण तिळाखेरीज इतर गाठींभोवती दिसणाऱ्या इसबालाही ती लागू पडते. पण ती चौकट आहे, पुरावा नव्हे.

औषधांकडून मिळालेला पुरावा जास्त बोलका आहे. इंटरफेरॉन-अल्फा हे औषध हिपॅटायटिस-सीसाठी, मेलॅनोमा या रंगपेशींच्या कॅन्सरच्या काही प्रकारांसाठी आणि बेहसेट आजारासाठी वापरलं गेलं. ते सुरू असताना काही रुग्णांच्या तिळांभोवती इसब उठला. इंटरफेरॉन म्हणजे संरक्षण यंत्रणेला चेतवणारं रसायन. बाहेरून त्याचा डोस दिल्यावर जुने, शांत तीळ पेटून उठतात, याचा अर्थ ठिणगी पडण्याजोगं काहीतरी तिथे आधीपासून असतं. कडक उन्हानंतर सुरुवात झाल्याच्याही नोंदी आहेत. बऱ्याच रुग्णांत मात्र कुठलंही कारण हाती लागत नाही.

मायरसन यांनी हे तिळाभोवती पाहिलं, पुढे लक्षात आलं की इसबाला तीळच लागतो असं नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर पाठीवर, छातीवर येणारे करडे-काळे, वरून चिकटवल्यासारखे दिसणारे सेबोऱ्हिक केराटोसिसचे उंचवटे, पिंडरीवर लागणारी टणक डर्मॅटोफायब्रोमाची गाठ, जन्मापासूनचा वाईनच्या रंगाचा डाग, या सगळ्यांभोवती किंवा त्यांच्यावर इसब आल्याचं नोंदलं गेलं. वयस्कर माणसांत सेबोऱ्हिक केराटोसिसच्या बाबतीत तर हे बरंच त्रासदायक ठरतं. उन्हाळ्यात घाम आणि बनियनच्या घर्षणाने ते उंचवटे चिडतात, खाजवल्यावर काळे पडतात, रक्तही येतं, आणि घरचे घाबरतात. त्या वयात कातडी कोरडी असते, म्हणून नुसतं खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर नेमाने लावल्यानेही खाज बरीच उतरते.

लहान मुलांतला मोलस्कम हा प्रकार वेगळा आणि जास्त अभ्यासलेला आहे. मोलस्कम म्हणजे पॉक्स कुळातल्या विषाणूमुळे येणाऱ्या, मोत्यासारख्या चकचकीत, मधोमध बारीक खळगी असलेल्या पुळ्या. शाळेत, पोहण्याच्या तलावात, एकाच टॉवेलने अंग पुसणाऱ्या भावंडांत त्या पसरतात आणि बहुतेक मुलांत काही महिन्यांनी किंवा वर्ष-दीड वर्षाने आपोआप जातात. त्यांच्याभोवती इसब उठणं अजिबात दुर्मीळ नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोलस्कम झालेल्या ६९६ मुलांपैकी २७० मुलांना असा इसब झाला होता, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के. ज्यांना मुळातच इसबाची प्रवृत्ती होती त्यांच्यात त्याचं प्रमाण अधिक होतं.

या अभ्यासातली एक बारीक गोष्ट प्रत्येक पालकाला ठाऊक असायला हवी. पुळीभोवतीच्या कातडीवर इसब येणं आणि पुळी स्वतःच लाल होऊन सुजणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. पुळी सुजली की बहुधा शरीराने विषाणू ओळखलेला असतो. अशा मुलांत पुढच्या तीन महिन्यांत पुळ्या वाढण्याचं प्रमाण ५.२ टक्के होतं, तर सूजही नाही आणि इसबही नाही अशा मुलांत ते १८.४ टक्के. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच बालरोग नियतकालिकात डॉक्टरांनी या सुजेला ‘शेवटाची सुरुवात’ असं नाव सुचवलं. पिकलेली, लाल पुळी पाहून आई-वडील अँटिबायोटिकसाठी धावतात, आणि बऱ्याचदा ते लिहूनही दिलं जातं. खरं तर तिथे थोडं थांबून पाहणं पुरतं. भोवतीचा इसब मात्र शेवटाची सुरुवात नाही. तो खाजतो, मूल खाजवतं, नखांनी विषाणू शेजारी जातो आणि नव्या पुळ्या उठतात. म्हणून त्या इसबावर उपाय करायलाच हवा. मोलस्कमवर स्टिरॉइड लावलं तर विषाणू फोफावेल, या भीतीने तो टाळला जातो. पण याच अभ्यासात इसबावर स्टिरॉइड लावलेल्या मुलांत पुळ्या वाढण्याचं प्रमाण न लावलेल्यांपेक्षा कमी होतं. सौम्य मलम, थोडे दिवस, फक्त इसबाच्या जागी, आणि नखं कापलेली: एवढं पुरेसं असतं.

आता महाराष्ट्रातल्या माणसाच्या अंगावर तिळाभोवती खाजरं वर्तुळ दिसलं, तर ते मायरसनचंच असेल असं समजून चालणार नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायट्याची जी लाट आली आहे, ती पाहता वर्तुळ म्हटलं की आधी बुरशीचा विचार करावा लागतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी ही बुरशी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ या नावाने २०२० मध्ये वेगळी ओळखली गेली. नायट्याचं वर्तुळ कुठेही उठू शकतं आणि त्याच्या आत एखादा तीळ येणं हा निव्वळ योगायोग असतो. अशा वर्तुळाची कड उठावदार आणि जिवंत असते, मधली कातडी निवळत जाते, आणि वर्तुळ बाहेर बाहेर सरकतं. मायरसनचं कडं तिळाला धरून राहतं. शंका असेल तर पापुद्रा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही काही मिनिटांची, स्वस्त तपासणी आहे. ती न करता स्टिरॉइड सुरू करणं मला अक्षम्य वाटतं, कारण त्याने नायटा दबतो, पसरतो आणि ओळखू न येण्याजोगा होतो. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीविरोधी औषध एकत्र कालवलेली मलमं आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकली गेली, आणि या लाटेला त्यांनी मोठा हातभार लावला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कातडीवर लावायच्या चौदा स्टिरॉइडांना शेड्यूल-एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या, बंधनात आणलं. तरीही ‘खाजेची एक ट्यूब द्या’ म्हटल्यावर काउंटरवर काय हातात पडतं, ते कुठल्याही तालुक्याच्या गावी पाहता येतं.

दुसरी शक्यता स्पर्शाने होणाऱ्या इसबाची. गळ्यावर चामखिळी असतात आणि तिथेच नकली दागिन्यांची साखळी घासते. त्यातलं निकेल बाधलं की इसब उठतो आणि चामखिळीच त्याचं कारण वाटू लागतात. जीन्सच्या बटणाखाली, बेंबीजवळच्या तिळाभोवतीही असंच होतं. आणि मग घरगुती उपाय: घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, चुना लावणं, लसूण घासणं, बिब्बा टोचणं. बिब्ब्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बिब्बा, आंबा आणि काजू एकाच वनस्पती कुळातले. बिब्ब्याच्या तेलातली रसायनं अमेरिकेतल्या पॉयझन आयव्हीच्या विषाशी इतकी जवळची आहेत, की दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत तेवढ्यानेही इसब उठला. १९४३ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. चामखीळ किंवा तीळ घालवायला लावलेला बिब्बा उतला की भोवताली फोड येतात, पाणी वाहतं, कधी चेहराही सुजतो, आणि मागे काळा व्रण राहतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर हे लपवू नये. ‘काय लावलं होतं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर मिळालं, तर अर्धं निदान तिथेच होतं.

सोरायसिस, पिटिरायसिस रोझिया, नाण्याच्या आकाराचा इसब हेही यादीत येतात. अंगावर इतरत्र काय आहे हे पाहिल्यावर ते बहुधा लगेच कळतात, म्हणून कपडे उतरवून पूर्ण तपासणी करायला सांगणाऱ्या डॉक्टरांपुढे संकोच करू नये.

या शक्यता बाजूला सारून निदान मायरसनच्या इसबाचं ठरलं, तर उपचार साधा आहे. मध्यम ताकदीचं स्टिरॉइड मलम दिवसातून एकदा किंवा दोनदा, आठवडा-दोन आठवडे, सोबत मॉइश्चरायझर. जिथे स्टिरॉइड नको तिथे टॅक्रोलिमस. खाज जाते, कडं विरतं. आणि बहुतेक रुग्ण इथेच थांबतात, जेव्हा खरं काम अजून बाकी असतं. इसब चालू असताना तिळाची कड पुसट दिसते, खपलीखाली रंग लपतो, आणि तीळ पाहायचं डर्मोस्कोप नावाचं भिंगही फारसं काही सांगू शकत नाही. सूज उतरल्यावर दिसतो तो तिळाचा खरा चेहरा. त्या वेळी तो दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, कड रेखीव आहे का, रंग एकच आहे का, व्यास मोठा आहे का, पूर्वीपेक्षा बदलला आहे का, हे पाहायचं. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडलेल्या ए-बी-सी-डी खुणा म्हणजे यांतल्या पहिल्या चार, २००४ मध्ये त्यांत ‘ई’ म्हणजे बदल जोडला गेला.

ही दुसरी पाहणी महत्त्वाची आहे, कारण इसब तिळाच्या बाजूने साक्ष देत नाही आणि विरोधातही देत नाही. तिळाभोवतीचा इसब निरुपद्रवी, या समजुतीला धक्का देणाऱ्या नोंदी आहेत: ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये सुरुवातीच्या अवस्थेतल्या मेलॅनोमाभोवती असाच इसब दाखवला, आणि त्वचेच्या इतर कॅन्सरांभोवतीही तो आढळला आहे. स्तनाग्राचं उदाहरण तर दीडशे वर्षांचं जुनं आहे. एकाच बाजूच्या स्तनाग्रावर इसब दिसतो, मलमांनी बरा होत नाही, आणि आत कॅन्सर असतो, हे जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्येच लिहून ठेवलं. मलमाने खाज थांबली याचा अर्थ खालची गाठ साधी होती असा नव्हे. स्टिरॉइड खाज कुठल्याही गाठीवरची थांबवतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मेलॅनोमा हा भारतात दुर्मीळ कॅन्सर आहे, आणि होतो तेव्हा पाठीवरच्या तिळापेक्षा तळपायावर, बोटांवर, नखाखाली जास्त होतो. म्हणजे आपल्याकडे ज्या जागा नजरेआड राहतात तिथेच. तिळाभोवती खाज आली म्हणून रात्रभर न झोपणारा माणूस तळपायावरचा वाढता काळा डाग वर्षभर चिखल्या किंवा भेग म्हणून सोडून देतो. काळजी खाजेची नव्हे, बदलत्या डागाची करायची.

इसब वारंवार उठत असेल, किंवा तिळाची शंका असेल, तर तीळ काढणं हाच उपाय. गाठ गेल्यावर इसबही पुन्हा येत नाही असं अनेक रुग्णांत दिसलं आहे. पण काढायचा तो पूर्ण, कडेसकट, टाके घालून, आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. पार्लरमध्ये किंवा झटपट दवाखान्यांत लेझरने, विजेच्या सुईने तीळ जाळून टाकतात, तेव्हा तपासायला काहीच उरत नाही. अर्धवट जाळलेला किंवा खरवडलेला तीळ व्रणातून परत उगवला, तर त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारख्या दिसू शकतात. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नबर्ग आणि अ‍ॅकरमन यांनी अशा तिळांना ‘छद्म-मेलॅनोमा’ म्हटलं, आणि त्यातून होणाऱ्या चुकीच्या निदानाचा धोका दाखवला. पहिला तुकडा कुणीच तपासलेला नसेल, तर पुढच्या डॉक्टरांना तुलनेला काही मिळत नाही.

तुकड्यासोबत जाणारी चिठ्ठीही नीट भरायला हवी. ‘तीळ, पाठ’ एवढंच लिहून पाठवलेल्या बाटलीवर पॅथॉलॉजिस्ट काय मत देणार? दाहामुळे तिळाच्या पेशी तात्पुरत्या बेढब दिसू शकतात. भोवती इसब होता का, किती दिवस होता, कुठलं मलम लावलं होतं, घरगुती काही लावलं होतं का, इंटरफेरॉनसारखं औषध चालू होतं का, आणि तीळ आधी कसा दिसत होता, हे त्यावर लिहिलेलं असावं. डॉक्टर घाईत असले तर रुग्णाने आठवण करून द्यावी, आणि मोबाइलमध्ये तिळाचा जुना फोटो असेल तर तोही दाखवावा.